डेबोराचा काटेकिडा

अश्दोद, ४ सप्टेंबर २०२२

चि. अरुंधती हिस हायमसरांचे अनेक आशीर्वाद.

तू मागच्या महिन्यात दोनदा फोन केलास म्हणे. मला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि ऐकू न आलेल्या गोष्टीला ‘हो हो’ म्हणायची खोड लागली आहे. परवा सुनेने विचारलं, मासे की कोंबडी, मी म्हणालो ‘हो’. तेव्हा पत्रच बरं. मी जाड पेनने लिहितो, एलाद फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतो. तू टाइप करून पाठव, तो मोठ्या अक्षरांत छापून देतो. मुलगा गुणी आहे, फक्त बापासमोर उसासे फार टाकतो.

डोळ्यांचं सांगतो. मधलं दिसेनासं होत चाललंय, कडेचं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक नाही. डॉक्टरांनी गोड बोलून सांगितलं की हे परत येणारं नाही. म्हणून आता घाईचं काम तुझ्यावर टाकतो आहे. नाही म्हणू नकोस.

कॉलेजच्या कपाटात मी इकडे येताना ठेवलेली माझी लाकडी पेटी आहे. तिच्यात एकच काटेकिडा आहे, ओवे गावाच्या मागच्या टेकडीवरचा. झाडाच्या फांदीवर बसला की काट्यासारखा दिसतो, म्हणून घरात आम्ही सगळे त्याला काटेकिडाच म्हणायचो. तो माझ्या मुलीने पकडलेला आहे. डेबोराने. तू कॉलेजात आलीस त्याच्या आदल्या वर्षी ती गेली, एकोणीस वर्षांची. तू तिला पाहिलेलं नाहीस.

त्या किड्याच्या पोटाचं टोक मादीचं आहे आणि खांद्यांवर शिंगं मुळीच नाहीत. या गटात नर बिनशिंगी असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण बिनशिंगी मादी कुणी नोंदवलेली नाही. म्हणजे जात नवी. पण एकट्या किड्यावर नवी जात मांडणं मला पटत नव्हतं. दुसरा मिळेल म्हणून थांबलो, मग एलादने इकडे इस्रायलला आणलं.

मला त्या जातीला तिचं नाव द्यायचं आहे. एलादला दोन मुली झाल्या. मी म्हटलं, एकीला डेबोरा म्हणा. सूनबाई म्हणाल्या, कोवळ्या वयात गेलेल्याचं नाव लावू नये. तिचंही चुकत नाही. पण मग ते नाव आता कुणी हाक मारायलाच उरलं नाही गं. ते कुठेतरी लिहिलेलं राहावं, मला अजून थोडं वाचता येतंय तोवर.

टेकडीवर जा. तशाच आणखी माद्या शोध. काम होईल ना?

तुझा,
हायम वाक्रूळकर


पनवेल, २ ऑक्टोबर २०२२

ती. सरांना अरुंधतीचा नमस्कार.

नाही म्हणायची माझी काय बिशाद! पहिल्या वर्षाला तुमच्या तासाला उशिरा आले म्हणून तुम्ही मला व्हरांड्यात झुरळाची चित्रं काढायला बसवलं होतंत. ती भीती अजून गेलेली नाही.

पेटी सुखरूप आहे. गंजलेल्या टाचण्या बदलल्या, डांबरगोळ्या नव्या ठेवल्या. काल टेकडीवरही गेले. अर्ध्या वाटेपर्यंत आता बिल्डरांचे पत्रे लागलेत, पण वरच्या बोरी आहेत. तिथे ओव्याच्या गंगाबाई लाकडं गोळा करत होत्या. मी फांदी न्याहाळत बसलेली पाहून म्हणाल्या, “काय गो बाय, आमी काटं पायातून काडतो, आन् तू डबीत भरतंस?” मी म्हटलं, हे काटे चालतात. त्यांनी बोट लावलं, एक काटा टुणकन उडाला, तशा त्या हसत सुटल्या. “यो काटा नाय गो, भूत हाय!”

आता कामाचं. शिंगवाल्या भरपूर मिळाल्या, सगळ्या माद्या. फांदीच्या सालीत चीर पाडून अंडी घातलेली आणि त्यावर ठाण मांडून बसलेल्या. काडीने ढकललं तरी हलत नाहीत. शेजारी पिल्लं रस पितात, त्यांच्या अंगातून निघणारा गोड थेंब प्यायला मुंग्या रांगेत उभ्या. तुम्ही वर्गात सांगायचात, लोक ज्याला डोक्यावरचं शिंग म्हणतात ते डोक्याचं नसतंच, डोक्यामागच्या ढालीचं असतं. तीच ढाल मागे वाढत जाऊन पाठीवर काट्यासारखी टेकते. ते इतक्या वर्षांनी पुन्हा भिंगाखाली पाहिलं आणि शाळकरी पोरीसारखी खूश झाले. या शिंगवाल्यांचं वर्णन जुन्या ग्रंथातल्या जातीशी जुळतं. शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबाने नाव दिलेली.

बिनशिंगी मादी अजून नाही सापडली. डेबोराच्या किड्याचे वरून आणि बाजूने फोटो काढलेत. शिंगं खरंच नाहीत. किती नेटका बसवलाय टाचणीवर! आधी ताजे नमुने मिळू देत, मग त्याच्या पोटाचं टोक सोडवून भिंगाखाली तपासते.

दीपेश नमस्कार सांगतो. म्हणतो, लग्नाआधी कळलं असतं की सुट्टीच्या दिवशी बायको बोरीत सापडेल, तर विचार केला असता.

तुमची,
अरुंधती


अश्दोद, ९ ऑक्टोबर २०२२

चि. अरुंधती,

तुझं पत्र एलादने तीनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्यांदा उसासा टाकला नाही. गंगाबाईंचं ऐकून मी इतका हसलो की सून धावत आली.

बिनशिंगी माद्या मिळतील. डेबोराला मिळाली तर तुलाही मिळेल, तिला तुझ्याइतकाही धीर नव्हता. तिचा तो किडा नेटका आहे म्हणालीस, त्याचं सांगतो. एका संध्याकाळी तिने पेटीचं झाकण उघडं टाकलं आणि मुंग्या शिरल्या. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे झाकण उघडं राहिलं की मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. मी पेटीत नीट डोकावूनही पाहिलं नाही, आधी तिला ओरडलो. नको तेवढं ओरडलो. ती म्हणाली, “तुमचे किडे तुम्हालाच लखलाभ होवोत, पापा,” आणि उठून गेली. त्यानंतर ती माझ्या टेबलाशी आली नाही. मीही बोलावलं नाही. आमच्यात पुन्हा धड बोलणं झालं नाही. मग ताप आला आणि आठवड्यात सगळं संपलं.

आम्हा ज्यूंच्या सुतकाचे सात दिवस झाल्यावर मी ती पेटी उघडली. बाकीच्यांचा मुंग्यांनी भुगा केला होता. हा एकटा जसाच्या तसा. मी देवाचं फारसं मनावर घेणारा माणूस नाही, पण त्या दिवशी हात जोडले. रुसून गेली ती, पण हे एक मागे ठेवून गेली, असं वाटलं.

आता त्याचं टोकही सोडव. भिऊ नकोस. गरम वाफेवर मऊ कर, सुई हलक्या हाताने चालव. नेहमीच्या शिस्तीने कर, माझी मुलगी म्हणून सवलत नको.

हायमसर


अश्दोद, १८ नोव्हेंबर २०२२

अरुंधती,

महिना उलटून गेला. आधी परीक्षा म्हणालीस, मग सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. आता तर उत्तरही नाही. एलादला विचारलं की तुला निरोप पोचला का, तर तो म्हणतो, पापा, त्यांनी वाचलाय, दोन निळ्या खुणा आल्यात. वाचून गप्प बसायची ही नवीनच सोय झाली आहे.

मला काय वाटू लागलंय ते स्पष्टच लिहितो. तुला तो निबंध एकटीच्या नावाने छापायचा असेल तर छाप. माझं नाव नसलं तरी चालेल. किड्याला तिचं नाव दे म्हणजे झालं. त्यासाठी पाया पडायला लावू नकोस. या वयात वाकता येत नाही.

हायम वाक्रूळकर


पनवेल, २० नोव्हेंबर २०२२

ती. सर,

तुमचं पत्र वाचून खूप रडले. निबंध चोरायचं माझ्या स्वप्नातही आलं नाही, सर. मी गप्प होते कारण जे लिहायचं ते लिहवत नव्हतं. सासूबाईंचं ऑपरेशन झालं हे खरं, पण ते निमित्त होतं. आता सगळं सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत बिनशिंगी किडे मिळाले. पुष्कळ मिळाले, त्याच बोरींवर, शिंगवाल्या माद्यांच्या शेजारी. सगळे नर निघाले. काही तर शिंगवालीशी जोडी जमवून बसलेले मिळाले. त्यांचं धड आणि डेबोराच्या किड्याचं धड शेजारी ठेवलं, तर रंग, ढाल, पंखांच्या शिरा, कशातच तसूभर फरक नाही. पण तिच्या किड्याचं पोट मादीचं. मला कोडं सुटेना. म्हणून ते वाफेवर मऊ करून सोडवायला घेतलं.

ते पोट त्या धडाचं नाही, सर. धड एका नराचं आहे आणि पोट दुसऱ्याच कुठल्या तरी मादीचं, पेटीत सुटं पडलेलं असावं. कुणीतरी तुटलेल्या जागी ते चिकटवलंय. पंखांच्या आत सांधा असल्यामुळे वरून दिसत नव्हता, फोटोतही आला नाही. पोट किंचित रुंद आहे, ते आता पाहिल्यावर कळतं. ‘बिनशिंगी मादी’ कधी नव्हतीच. जात तीच, जुनी. आणि जुनं नाव असलं की नवं देता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार?

पहिल्यांदा वाटलं आपलंच चुकतंय. पुन्हा पाहिलं, दुसऱ्या भिंगातून पाहिलं. मग तुम्ही शिकवलंत तेच केलं. जोडलेला नमुना सापडला की आधी वेगळा कर, धू, दोन्ही भागांना वेगळ्या चिठ्ठ्या लाव, नाहीतर पुढचा माणूस फसतो. सरस गरम पाण्याने सुटेना, म्हणून ॲसिटोन लावलं. तेव्हा ब्रशच्या टोकाला गुलाबी रंग आला. नेलपॉलिश होतं. तुम्ही तर कायम सरसच वापरायचात. तुमच्यामागे कॉलेजातल्या कुणी किडा पाडला असेल आणि घाबरून हे उद्योग केले असतील, असं मला वाटतं. कोण ते आता कळणार नाही. दोन्ही भाग स्वच्छ करून दोन टाचण्यांवर लावले आहेत.

तिचं नाव देता येणार नाही, सर. हे वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले. मला माफ करा.

अरुंधती


अश्दोद, २३ नोव्हेंबर २०२२

चि. अरुंधती,

आधी मी तुझी माफी मागतो. वाटेल ते लिहिलं. म्हातारपणी डोळ्यांबरोबर जीभही सुटते, असं समज.

जात गेली. ठीक आहे. छापण्याआधी गेली हे बरं झालं. छापून झाल्यावर कुणी खोडली असती तर लोक हसले असते, आणि त्या हसण्याला तिचं नाव लागलं असतं. तुझं निदान बरोबर आहे. मी सुतकातून उठलेला बाप होतो, मला जे हवं होतं ते दिसलं. वरून एकदा पाहिलं आणि मग इतकी वर्षं पेटीला हात लावायला धजलो नाही. लावला असता तर मलाही दिसलं असतं.

पण कॉलेजातलं कुणी नाही गं.

ती गेली त्याच महिन्यात तिच्या मामेबहिणीचं, हेप्झिबाचं लग्न होतं. मेंदीच्या रात्री मोऱ्याला मामाच्या घरी सगळ्या मुली जमल्या होत्या. तिथून ती बोटांना गुलाबी रंग लावून आली आणि बाटली पर्समध्ये टाकून घेऊन आली. आमच्या घरात त्याआधी असली बाटली कधी नव्हती. तिच्या आईला त्याचा वास सहन होत नसे. ती गेल्यावर आईने बाटली तिच्या कपड्यांबरोबर देऊन टाकली. मेंदी झाली ती आमच्या भांडणानंतर, आणि तापाच्या आधी.

म्हणजे ती आली होती. अरुंधती, ती माझ्या टेबलाशी येऊन बसली होती! मी घरात नसताना पेटी उघडली असेल, तिचा किडा तुटलेला दिसला असेल. तळाला पडलेलं एक पोट उचलून तिने ते माझ्या भिंगाखाली लावून दिलं. पापाला नीट मिळावा म्हणून. मला न सांगता. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की पोर माझ्यावर रुसूनच गेली. ती रुसली नव्हती.

एलाद म्हणतो, पापा, रडू नका, डोळ्यांना वाईट. आता डोळे राखून काय करायचेत?

मला आता नाव नको. एकच सांग. ते गुलाबी थोडंसं उरलंय का? धडाच्या तुटक्या कडेवर, पंखाच्या मुळाशी, तुझ्या ब्रशच्या केसांत. कणभर चालेल. भिंग मोठं लाव आणि बघ. असेल तर कागदात बांधून पोस्टाने पाठव. मला दिसणार नाही. पण उशाशी ठेवीन.

तू शिस्तीने केलंस, तुझ्यावर माझा राग नाही.

हायमसर


पनवेल, २५ नोव्हेंबर २०२२

ती. सर,

तुमचं पत्र आलं तेव्हा वर्गात होते. तास सोडून प्रयोगशाळेत गेले.

धड पाहिलं, पोट पाहिलं, पंख उचलून मुळाशी पाहिलं. ब्रश पाहिला. ज्या काचेच्या वाटीत धुतलं ती वाटीही पाहिली, पण ती केव्हाच घासून ठेवली आहे. ब्रशही त्यानंतर पुष्कळदा वापरला गेला.

काही नाही, सर. तुम्ही शिकवलंत तसं मी ते पुन्हा पुन्हा पुसून काढलं. एक ठिपका राहिला होता तो मला आठवतो, तोसुद्धा सुईने काढला होता. आपलं काम किती स्वच्छ झालं म्हणून त्या दिवशी मला बरंही वाटलं होतं.

घरी येऊन दीपेशला सांगितलं. तो म्हणाला, अगं, दुकानातून गुलाबी नेलपॉलिश आण, टाचणीवर लाव आणि दे पाठवून. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच समाधान. तो मनाने वाईट नाही, सर. मी दुकानापर्यंत गेलेही. तिथल्या मुलीने विचारलं, कुठली शेड देऊ? मला कुठली ते माहीतच नव्हतं. मी तशीच परत आले.

मी डेबोराला कधी पाहिलं नाही. तिच्या हातची एकच गोष्ट माझ्या हाती आली होती, ती मी पुसून टाकली. तुमचा राग नसला तरी माझा माझ्यावर आहे.

काल दफनभूमीत डेबोराच्या थडग्याशी जाऊन आले. तुम्ही सांगून ठेवलंत तसं गवत काढून घेतलं. दगड ठीक आहे. नाव नीट वाचता येतं.

अरुंधती


अश्दोद, ११ डिसेंबर २०२२

चि. अरुंधती,

हे अक्षर एलादचं आहे. मी सांगतोय, तो लिहितोय. मला आता ओळ सापडत नाही. त्याचं मराठी कच्चं आहे, ऱ्हस्वदीर्घ पोटात घाल.

तू दुकानातून परत आलीस हे बरं केलंस. पाठवलं असतंस तर मी उशाशी ठेवलं असतं आणि मला कळलंही नसतं, आणि तू जन्मभर मनात कुढली असतीस.

टिपण छाप, तुझ्या नावाने. बिनशिंगी तो नर, शिंगवाली ती मादी, जात एकच, नाव जुनंच. ओव्याच्या बोरीवरच्या जोड्यांचे फोटो घाल. टेकडीवर पत्रे आणखी वर चढायच्या आत सगळं नोंदवून ठेव. डेबोराच्या किड्याचा उल्लेख करू नकोस, तुटका नमुना पुराव्याला कामाचा नाही. हे मी तुला शिकवलेलं आहे आणि ते बरोबर आहे.

एलादला सगळं सांगितलं. तो तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता, त्याला भांडण आठवतं, गुलाबी बोटं आठवत नाहीत. त्याने हेप्झिबाला फोन लावला. तिला मेंदी आठवते, रंग आठवत नाही. म्हणजे ती माझ्या टेबलाशी बसली होती हे फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि दोघांनीही पाहिलेलं नाही.

मी दिवसभर त्या दुपारचा विचार करतो. दुपारच असणार, मी कॉलेजात आणि तिची आई झोपलेली. इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून नर कुठला, मादी कुठली हे शिकली आणि नराच्या धडाला मादीचं पोट चिकटवलं! पहिल्या वर्षाचा मुलगा करणार नाही अशी चूक. त्यातून नेलपॉलिश लावून. मी संध्याकाळी घरी येऊन ते भिंगातून पाहिलं असतं तर तिची अशी खरडपट्टी काढली असती की शेजारचे डोकावले असते.

तेवढं ओरडायला मला मिळायला हवं होतं गं.

तुझा,
हायमसर